लोखंडी कोठी आणि न भरणारी जखम

शस्त्रक्रिया पार पडली असें शस्त्रवैद्यानें बाहेर येऊन सांगितलें म्हणजे घरच्या माणसांचा जीव भांड्यांत पडतो. परंतु शस्त्रवैद्याची स्वतःची काळजी त्या वेळीं संपलेली नसते. कापणें त्याच्या हातीं असतें. कापलेलें सांधणें त्याच्या हातीं नसतें. टांके घालून तो जखमेच्या कडा एकत्र आणतो आणि पुढचें काम रोग्याच्या शरीरावर सोंपवितो. बहुधा शरीर तें काम चोख बजावतें. पण एखाद्या रोग्याची जखम भरतच नाहीं. लावलेली कातडी काळी पडते, उघडें हाड झांकलें जात नाहीं. अशा जखमेला बंद कोठींत दाबलेल्या प्राणवायूची मदत द्यावी, ही आजची उपचारपद्धति होय. वैद्यकांत तिला ‘हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी’ असें नांव आहे. तिचा पूर्वेतिहास साडेतीनशें वर्षांचा असून तो जितका विज्ञानाचा, तितकाच मनुष्याच्या आशेचा आणि त्या आशेला घालाव्या लागणाऱ्या लगामाचाहि आहे.

कोठीची कल्पना आधीं आली, प्राणवायूचें ज्ञान मागाहून आलें. १६६२ सालीं हेन्शॉ नांवाच्या इंग्रज वैद्यानें एका बंद खोलीची योजना मांडली. तिला मोठे भाते जोडावयाचे आणि त्यांच्या योगानें आंतील हवा कधीं दाट, तर कधीं विरळ करावयाची. तीव्र विकारांत दाब वाढवावा, जुनाट विकारांत तो उतरवावा, असा त्याचा हिशेब होता. हा हिशेब केवळ तर्काचा होता, कारण प्रीस्टले यानें प्राणवायु वेगळा केला तो १७७४ सालीं. पुढें १८३४ मध्यें फ्रान्समध्यें जुनो यानें आणि १८३७ मध्यें लिओन शहरांत प्रावाझ यानें अशा कोठ्या उभारल्या, आणि दाबलेल्या हवेचें ‘स्नान’ ही युरोपांतील सुखवस्तु लोकांची एक हौसच होऊन बसली. दमा, क्षय, अशक्तपणा, कशावरहि हें स्नान चालत असे. कोणाला गुण आला आणि तो कशामुळें आला, हें विचारण्याची पद्धत मात्र नव्हती.

प्रश्न विचारणारा पहिला मोठा पुरुष म्हणजे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेअर. १८७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें दाखविलें कीं, दाबाचा शरीरावर होणारा परिणाम हा मुख्यतः त्या दाबाखालील वायूंचा परिणाम आहे. पाण्याखालीं पुलांचे पाये खणणारे मजूर दाबाच्या पेटींतून एकदम वर आले कीं त्यांना वेदना व पक्षाघात होत. त्याचें कारण रक्तांत उठणारे नायट्रोजनचे बुडबुडे, हें त्यानें सिद्ध केलें. त्याचबरोबर फार दाबाखालचा प्राणवायु प्राण्यांना झटके आणून मारतो, हेंहि त्यानेंच सांगितलें. ज्या वायूला आपण प्राण म्हणतों, तोहि मात्रेबाहेर विष होतो, हा त्या ग्रंथाचा धडा. लगेच १८७९ मध्यें फोंतेन या शस्त्रवैद्यानें चाकांवरची दाबकोठी बांधून तिच्यांत शस्त्रक्रिया केल्या. भूल दिलेले रोगी एरवीं निळे पडत, ते तेथें तसे पडत नाहींत, असें त्याला आढळून आलें. शस्त्रक्रिया आणि दाबकोठी यांची ही पहिली गांठ.

परंतु पुढील पन्नास वर्षें विज्ञानापेक्षां आशेचीच सरशी झाली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें डॉ. ऑर्व्हल कनिंगहॅम यानें कांहीं अत्यवस्थ रोग्यांना दाबकोठींत ठेविलें. त्यांतील कांहीं वांचले, आणि डॉक्टरचा विश्वास दृढ झाला. मग त्यानें उपदंश, मधुमेह, कर्करोग हे सर्व विकार एकाच कोठींत घातले. टिमकेन या धनाढ्य कारखानदारानें १९२८ मध्यें त्याच्यासाठीं क्लीव्हलंड येथें चौसष्ट फूट व्यासाचा पोलादी गोल उभारून दिला. त्याला मजले होते, खोल्या होत्या, खिडक्या होत्या; नव्हता तो फक्त पुरावा. अमेरिकन मेडिकल असोसिएशननें तो मागितला. समाधानकारक उत्तर आलें नाहीं. कांहीं वर्षांतच रुग्णालय बंद पडलें आणि दुसऱ्या महायुद्धांत तो गोल मोडीच्या लोखंडांत गेला. त्यांत भरली जात होती ती साधी हवा होती, शुद्ध प्राणवायु नव्हे. पण कनिंगहॅमच्या अपकीर्तीनें दाबकोठीचें नांवच वैद्यकांत कांहीं काळ हास्यास्पद ठरलें. कोठ्या उरल्या त्या आरमारांच्या पाणबुड्यांसाठीं.

तिला पुन्हां प्रतिष्ठा मिळवून दिली ती ॲमस्टरडॅमचे शस्त्रवैद्य इटे बूरेमा यांनीं. १९५० नंतरचा तो काळ हृदयावरील शस्त्रक्रियेचा उषःकाल होता. हृदय थांबवावें तर मेंदूला प्राणवायु मिळत नाहीं, आणि तो तर कांहीं मिनिटांतच मरूं लागतो. बूरेमांनीं निराळा हिशेब मांडला. रक्तांतील प्राणवायु बहुतेक सर्व तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिन वाहून नेतें. रक्तद्रवांत विरघळतो तो अगदींच थोडा, दर शंभर घनसेंटिमीटर रक्तांत सुमारें ०.३ घनसेंटिमीटर. परंतु द्रवांत किती वायु विरघळावा हें दाबावर अवलंबून असतें. वातावरणाच्या तिप्पट दाबाखालीं शुद्ध प्राणवायु श्वासावाटे दिला तर हें प्रमाण सहांच्या घरांत जातें, आणि विश्रांत शरीराची गरज भागावयास तेवढें पुरतें. म्हणजे तांबड्या पेशींवांचूनहि प्राण टिकावा! डच आरमाराच्या कोठींत आरंभ करून बूरेमांनीं हा हिशेब प्रत्यक्षांत पाहिला. डुकरांच्या पिलांचें रक्त काढून त्या जागीं बहुतांशी तांबड्या पेशी नसलेला द्रव भरला, आणि तिप्पट दाबाखालीं पिलें जिवंत राहिलीं. रक्त परत भरल्यावर तीं सावरलींहि. हा प्रयोग १९६० मध्यें ‘रक्ताविना जीवन’ या मथळ्याखालीं प्रसिद्ध झाला. रुग्णालयांत प्रचंड शस्त्रक्रियाकोठी बांधली गेली, आणि जन्मतःच हृदयदोषानें निळ्या असलेल्या बालकांवर तेथें शस्त्रक्रिया झाल्या.

येथें इतिहासानें एक विलक्षण वळण घेतलें. ज्या कामासाठीं कोठी उभी राहिली तें काम हृदय-फुप्फुस यंत्रानें हिरावून घेतलें. तें यंत्र १९५३ मध्येंच अमेरिकेंत यशस्वी झालें होतें आणि पुढें सर्वत्र पसरलें. पण शस्त्रक्रियेच्या वेळीं नको झालेली कोठी शस्त्रक्रियेनंतर उपयोगी पडूं लागली. १९६१ मध्यें बूरेमांचे सहकारी ब्रुमेलकाम्प यांनीं गॅस गँग्रीन या भयंकर जंतुदोषावर तिचा गुण प्रसिद्ध केला, कारण त्याचे जंतु प्राणवायूंत वाढत नाहींत. आणि जखमेचें शास्त्र जसजसें उलगडलें तसतसा तिचा खरा उपयोग दिसूं लागला. जखमेंत बारीक रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात, सूज असते, आणि मध्यभागीं प्राणवायूचा दुष्काळ असतो. पांढऱ्या पेशींना जंतु मारण्यास प्राणवायु लागतो. जखमेचा नवा तंतु विणण्यास आणि नव्या रक्तवाहिन्या फुटण्यासहि तो लागतो. निकोप माणसाच्या शरीरांत ही टंचाई आपोआप भागते. पण किरणोपचारानें रक्तवाहिन्या करपून गेलेल्या असल्या, किंवा लावलेल्या कातडीला रक्त पोंचत नसलें, तर ती भागत नाहीं. अशा रोग्याला दुप्पट-अडीचपट दाबाखालीं रोज सुमारें दीड तास, असे वीस-तीस दिवस प्राणवायु देतात.

आतां कसोटी. १९६७ मध्यें इंग्लंडांत पेरिन्स यांनीं त्वचारोपण केलेल्या अठ्ठेचाळीस रोग्यांचे दोन गट केले. ज्यांना कोठी मिळाली त्यांच्यांत कातडी पूर्णपणें धरण्याचें प्रमाण पुष्कळच अधिक आढळलें. १९८५ मध्यें अमेरिकेंत मार्क्स यांनीं किरणोपचार झालेल्या जबड्यांतून दांत काढावे लागलेले चौऱ्याहत्तर रोगी घेतले. पेनिसिलीन घेतलेल्या सदतिसांपैकीं अकरांचें हाड कुजलें. कोठींत ठेविलेल्या सदतिसांपैकीं केवळ दोघांचें. एवढ्या फरकावर अनेक ठिकाणीं तो नियमच होऊन बसला. परंतु २०१९ मध्यें ‘होपॉन’ नांवाच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. तींत दोन्ही गटांना जंतुनाशक चुळा व प्रतिजैविक औषधें दिलीं होतीं. हाड कुजण्याचें प्रमाण कोठीच्या गटांत शेंकडा ६.४ आणि दुसऱ्या गटांत शेंकडा ५.७ निघालें, म्हणजे फरक जवळजवळ नाहींच. ज्या रोग्यांना महिनाभर रोज कोठींत बसविलें जात होतें, त्यांच्यांतील बहुतेकांना त्याची गरजच नव्हती.

हा निष्कर्ष कोठीचा पराभव नव्हे. धोक्यांत आलेली कातडी, गॅस गँग्रीन, किरणोपचारानें झालेली कांहीं इजा, यांत तिचें स्थान अद्याप मान्य आहे. साध्या, भरूं लागलेल्या जखमेला मात्र ती लागत नाहीं. आणि ती अगदींच निरुपद्रवीहि नाहीं. दाबानें कान दुखतात, क्वचित् झटके येतात, आणि प्राणवायूंत ठिणगी पडली तर काय होतें हें ३१ ऑक्टोबर १९९७ रोजीं मिलान येथें दिसलें. तेथील एका रुग्णालयाच्या कोठींत आग लागून अकरा माणसें दगावलीं.

कनिंगहॅमचा गोल आणि बूरेमांची कोठी, दोन्ही पोलादाच्याच होत्या, आणि दोघांचाहि हेतु रोगी बरा करण्याचाच होता. फरक एवढाच कीं, एकानें रोग्याचें बरें होणें हाच पुरावा मानला. दुसऱ्यानें आपला हिशेब आधीं प्रयोगाला लाविला, आणि त्याच्या मागून आलेल्यांनीं तो पुन्हां पुन्हां तपासून जेथें चुकला तेथें खोडला. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला आणि उशाशीं बसलेल्या त्याच्या माणसांना आशा हवी असते, हें खरें. पण त्यांच्याजवळचें बळ, वेळ आणि पैसा हीं मोजकींच असतात. तीं कोठें खर्चावीं हें प्रामाणिकपणें सांगणें, हाहि उपचाराचाच भाग होय.