वेखंडाचं पातं, आयरिसचं पातं



दोन वर्षांपूर्वी बावखलाच्या काठची ओली जागा रिकामी होती, म्हणून वेखंडाची रोपं आणून लावली. तलवारीसारखं पातं, पंख्यासारखी मांडणी. बघून वाटलं, हेच. पुढे पिवळं फूल आलं आणि चूक कळली. वेखंडाला असं फूल येत नाही, बोटाएवढं हिरवट कणीस येतं. माझ्याकडे आयरिसच्या कुळातलं शोभेचं झाड आलं होतं.

पण ही गल्लत फार जुनी आहे बघा. १७५३ साली लिनियसने वेखंडाला ॲकोरस कॅलॅमस नाव दिलं. त्याच पुस्तकात युरोपातल्या पाणथळीच्या पिवळ्या आयरिसला नाव दिलं स्यूडॅकोरस, म्हणजे खोटं वेखंड. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात वचा म्हणजे वेखंड आहे, शिवाय पांढरी पारसीक वचाही आहे. ती आयरिसची मुळी असावी असं बरेच अभ्यासक मानतात. केरळच्या वनस्पतींवर डचांनी १६७८ ते १६९३ मध्ये हॉर्टस मलबारिकसचे १२ खंड छापले. त्यातल्या बेलमकांडाला तर २००५ साली आयरिस डोमेस्टिका हे नाव मिळालं.

आता पात्यांतला फरक.

वेखंड : पातं अरुंद, चकचकीत हिरवं. मधली शीर ठळक, बहुतेक वेळा एका बाजूला सरकलेली. कडेला चुण्या. चुरगाळलं की वास सुटतो.

पिवळं आयरिस : मधली शीर ठळक, पण रंग राखट हिरवा आणि वेखंडाचा वास नाही.

दाढीवालं आयरिस : पातं रुंद, निळसर, वर मेणासारखा थर, ठळक मधली शीर नाही. त्याला थंडी आणि निचरा लागतो, आपल्या पावसात मुळी कुजते.

बेलमकांडा : रुंद पंखा, ठळक मधली शीर नाही.

ग्लॅडिओलस : त्याच कुळातला, पण पात्यावर उभ्या शिरा अनेक.

माझे पैसे गेले, ते जाऊ दे. पण घरात लहान बाळ असतं आणि हीच मुळी कोणी वेखंड म्हणून उगाळली असती तर? आयरिसच्या कच्च्या मुळीने उलट्या-जुलाब होतात. म्हणून रोप घेताना आधी पातं चुरगाळा, वास घ्या, मगच खिशात हात घाला.

तुमच्याकडे वेखंड असेल तर पात्याचा जवळून फोटो टाका.