विद्येचे वाटेकरी
एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली आणि नेवाळकरांचे ग्रंथालय लुटीत नष्ट झाले. विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये ती हानी नोंदवली. एका वास्तूत साठलेली विद्या वास्तूबरोबर गेली.

झाशीहून दक्षिणेस जाणाऱ्या लोहमार्गावर नर्मदापुरम, म्हणजे पूर्वीचे होशंगाबाद, लागते. तेथे १९७२ साली किशोर भारती व रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी १६ शाळांत, सहावी ते आठवीसाठी, प्रयोगांतून विज्ञान शिकवण्यास आरंभ केला. नामवंत संस्थांतील शास्त्रज्ञ व ग्रामीण शिक्षक यांनी एकत्र बसून धडे घडविले. मासिक बैठकींतील शिक्षकांच्या अनुभवांनुसार ते सुधारले.

२००२ मध्ये शासनाने कार्यक्रम थांबविला. परंतु अनेकांनी मिळून घडविलेली पद्धत एका कपाटात मावत नाही, म्हणूनच ती उरते. शाळेने जपावा तो हाच वारसा.