तोच माणूस किती वेळा?

संपादक मंडळाने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला होता. पण प्लॉटचे वाटप, पहिली बोअर, मधल्या रस्त्याचा वाद हे सगळे इतरांच्या लेखांत येणारच आहे. म्हणून मी येत्या सर्वसाधारण सभेपुढे असलेल्या ठरावाचाच इतिहास लिहायचे ठरवले. ठराव असा: अध्यक्ष आणि सचिव यांनी सलग दोन मुदती झाल्या की एक मुदत तरी बाजूला बसावे. आपल्या समितीची मुदत पाच वर्षांची. पण तोच माणूस कितीदा यावा, याबद्दल आपल्या उपविधीत काही म्हटलेले नाही. ठरावात नाव कोणाचे नाही, पण बोट कोणाकडे आहे ते मला कळते. सलग 14 वर्षे मी सचिव होतो.

आपल्या भागात हा प्रश्न फार जुना नाही, कारण पूर्वी मुदतच नव्हती. निजामाच्या राज्यात आणि त्याआधीही पाटीलकी म्हणजे वतन. बाप गेला की मुलगा. मानपानावरून भावकीत कज्जे चालत, पण गावाला कोणी विचारत नसे. 17 सप्टेंबर 1948 नंतर निजामाचे राज्य गेले, तरी पोलीस पाटलाच्या पदाचा वारसा कायद्याने संपायला 1967 चा ग्राम पोलीस अधिनियम यावा लागला.

1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, 1993 मध्ये 73 वी घटनादुरुस्ती आली. मुदत पाच वर्षांची झाली. पण एकाच माणसाने किती वेळा सरपंच व्हावे, यावर घटनेत बंधन नाही. बंधन आले ते आडवाटेने: आरक्षणाच्या चक्रानुक्रमाने. "यंदा आपलं गाव महिलेला सुटलं," असे आपण म्हणतो ना, तेच. ज्याने चांगले काम केले त्याचीही पुढची पाळी बहुधा हुकते. 2011 पासून तर निम्म्या जागा महिलांच्या झाल्या.

याचा फायदा झाला की तोटा? मुंबई महापालिकेचा अभ्यास आहे. 1997 मध्ये जे वॉर्ड महिलांसाठी राखीव होते, ते 2002 मध्ये खुले झाल्यावरही तिथे बाई निवडून येण्याची शक्यता इतर वॉर्डांच्या जवळपास पाचपट होती. म्हणजे खुर्ची एकदा रिकामी करून दिली की नवी माणसे येतात, आणि टिकतातही. हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण जिला ठाऊक आहे की पुढच्या वेळी आपले गाव दुसऱ्यालाच सुटणार, तिने मतदारांना कशासाठी भ्यायचे? आणि 'सरपंचपती' हा शब्द आपल्या मराठीला काही उगाच मिळालेला नाही.

फिलिपाईन्सने 1987 च्या राज्यघटनेत महापौरांना सरळ बंदी घातली: तीन-तीन वर्षांच्या सलग तीन मुदती, बस. नवरा उतरला की बायको उभी, बायको उतरली की मुलगा. घराणी काही हटली नाहीत. आपल्याकडे सहकारी बँकांच्या संचालकांना सलग आठ वर्षांची मर्यादा होती, ती ऑगस्ट 2025 पासून दहा झाली. तिथेही मला आठ की दहा यापेक्षा, नंतर कोण बसतो याचीच उत्सुकता जास्त आहे.

ही मेख हजार वर्षांपूर्वी ज्यांना कळली होती, ते तमिळनाडूत कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर गावचे लोक. चोळ राजा परांतकाच्या काळातला, साधारण इ.स. 920 च्या सुमाराचा शिलालेख तिथल्या देवळाच्या भिंतीवर आहे. 30 वॉर्ड, ताडपत्रावर नावे, ती मडक्यात टाकायची आणि लहान मुलाने चिठ्ठी काढायची. मागच्या तीन वर्षांत जो कोणत्याही समितीवर होता, त्याचे नाव मडक्यात जात नसे. कायमची बंदी नाही, फक्त विश्रांती. आणि खरी गंमत पुढे आहे. समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही, तो तर बादच. पण त्याचा मावसभाऊ, आतेभाऊ, मामा, मेहुणा, सासरा, भाऊ, मुलगा, सगळे बाद! यादी वाचताना आपल्याच गावची भावकी डोळ्यांपुढे येते. अर्थात ती सभा जमीन असलेल्या ब्राह्मणांची होती, बायका-कुळवाड्यांना तिथे जागा नव्हती, हेही सांगितले पाहिजे. नियम चांगला, मडके मात्र लहान.

निवडून आलेला माणूस हटवला की त्या जागी निवडून आलेलाच बसतो, असेही नाही. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, निवडणूक लांबली आणि प्रशासक बसले. त्यांना ना मुदत, ना मतदार.

आता माझ्याबद्दल. मी 14 वर्षे राहिलो ते कोणी पुढे येत नव्हते म्हणून, असे मी सगळ्यांना सांगत असे. ते अर्धे खरे होते. अर्धे असे, की मला आवडत होते. कोणाची थकबाकी किती, पाण्याचा कोणता व्हॉल्व्ह कुठे, हे माझ्या डोक्यात होते, वहीत नव्हते. मग माझी बायपास झाली. मी संभाजीनगरला आयसीयूत आणि इकडे चार दिवस मागच्या दोन गल्ल्यांना पाणी नाही. लोक माझ्या मुलाला फोन करून विचारत, "सरांना शुद्ध आली का? व्हॉल्व्ह कुठंय तेवढं विचार." मुलगा चिडला. मी घरी आल्यावर हसलो, पण रात्री झोप लागली नाही. मी सोसायटी सांभाळली असे मला वाटत होते, आणि ती माझ्यावाचून चार दिवससुद्धा चालत नव्हती.

नंतरच्या समितीने पहिल्या वर्षी ऑडिट लांबवले, दोन बिले दोनदा भरली. तेव्हा मला आतून बरे वाटले, हेही लिहून टाकतो. तिसऱ्या वर्षी त्यांनी थकबाकीदारांची यादी फलकावर लावली. ते मला 14 वर्षांत जमले नव्हते, कारण त्या यादीत माझ्याच साडूचे नाव होते.

ठरावाच्या बाजूने मी हात वर करणार आहे. एक दुरुस्ती मात्र सुचवीन: बाजूला बसणाऱ्याने आधी सभेत हिशेब वाचून दाखवावा, आणि त्याच्या रिकाम्या जागी त्याच्याच घरातले कोणी त्या मुदतीत उभे राहू नये. माझी सून यंदा उभी राहायचे म्हणते आहे. मी पद सोडून दोन मुदती झाल्या, त्यामुळे तिला अडचण नाही. पण घरी थोडी चर्चा झालीच.

व्हॉल्व्हचा नकाशा मी काढून दिला आहे. कार्यालयातल्या कपाटात डावीकडच्या खणात, हिरव्या फाईलमध्ये आहे.