धर्मग्रामाच्या सभागृहातील फिडल

व्हायोलिन आणि फिडल ही दोन निरनिराळी वाद्ये आहेत असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः वाद्य एकच. तेच लाकूड, त्याच चार तारा, तोच गज. मैफलीत रसिकांनी शांत बसून ऐकावे म्हणून ते वाजू लागले की त्याला व्हायोलिन म्हणतात. गावाने उठून नाचावे म्हणून वाजू लागले की त्याचे फिडल होते. स्कॉटलंड व आयर्लंड येथील केल्टिक लोकांच्या जीवनात या फिडलला लग्नात, सुगीत, सणात आणि मृत्यूच्या घरातही स्थान होते. त्या परंपरेतील एका थोर वादकाचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. त्यांचे नाव ह्यू अ‍ॅलन मॅकमास्टर. जगाने त्यांना बडी मॅकमास्टर याच नावाने ओळखले.

त्यांची कर्मभूमी होती केप ब्रेटन. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांताच्या टोकाला असलेले हे सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरचे बेट. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातून आणि पश्चिमेकडील बेटांवरून हजारो कुटुंबे येथे येऊन वसली. कोणाला जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनीवरून हुसकावले होते, तर कोणी वाढत्या खंडामुळे व दारिद्र्यामुळे स्वतःहून बाहेर पडले होते. काहींच्या स्थलांतरामागे श्रद्धेचाही प्रश्न होता. १७७० च्या सुमारास साउथ उइस्ट बेटावर एका जमीनदाराने आपल्या कॅथलिक कुळांवर धर्म सोडण्यासाठी दडपण आणले. त्यातूनच १७७२ साली कॅथलिक स्थलांतरितांचे एक जहाज आजच्या प्रिन्स एडवर्ड बेटाकडे निघाले. पुढे केप ब्रेटनच्या पश्चिम किनाऱ्यावरील जुडिक, माबू, क्रेग्निश ही गावे मुख्यत्वे अशाच कॅथलिक कुटुंबांनी वसवली. येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या: आपली श्रद्धा, आपली गेलिक भाषा आणि आपले संगीत.

परंतु या तिघींचे नाते नेहमीच गोडीगुलाबीचे राहिले असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माबूच्या धर्मग्रामात फादर केनेथ मॅकडोनाल्ड नावाचे प्रमुख धर्मगुरू होते. गावात दारूने थैमान घातले होते. जेथे फिडल तेथे नाच, जेथे नाच तेथे दारू, आणि जेथे दारू तेथे मारामारी, असे समीकरण त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी घरोघरची फिडले गोळा करून नष्ट करविली, अशी हकिगत त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. काही चतुर गावकऱ्यांनी मोडकी वाद्ये फादरांच्या स्वाधीन केली आणि चांगली लपवून ठेवली, असेही लोक सांगतात. आज या कथेला हसणे सोपे आहे. ज्यांनी व्यसनापायी उद्ध्वस्त झालेले संसार जवळून पाहिले आहेत ते मात्र त्या धर्मगुरूंच्या तळमळीला हसणार नाहीत. त्यांना रोग बरोबर दिसला. पण दारूचा दोष त्यांनी फिडलच्या माथी मारला. विशेष म्हणजे त्याच काळात त्याच बेटावरील इतर धर्मग्रामांत मंदिराच्या निधीसाठी भरणाऱ्या सहलींत फिडल वाजत होते आणि धर्मगुरू समोर उभे राहून ऐकत होते. एकाच धर्मसभेच्या अंगणात संगीताला आश्रयही मिळत होता आणि हद्दपारीही!

बडी मॅकमास्टर यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९२४ रोजी ओंटारिओ प्रांतातील टिमिन्स या खाणींच्या गावी झाला. ते चार वर्षांचे असताना कुटुंब जुडिकला परतले. वडील जॉन डंकन फिडल वाजवीत. आई सारा अ‍ॅग्नेस यांच्या हाती वाद्य नव्हते, पण गळ्यात सर्व चाली होत्या. घरकाम करता करता त्या नाचाच्या चाली तोंडाने म्हणत. वाद्य नसले तर मुखानेच ताल धरून नाचविण्याची ही गेलिक लोकांची जुनी रीत. या मुखसंगीतात गेलिक शब्दांचे आघात जसे पडतात तसेच ते फिडलच्या गजातही उतरतात, असे तेथील जाणकार मानतात. म्हणजे बडी यांचे खरे पहिले गुरुकुल आईच्या स्वयंपाकघरातच होते. अकराव्या वर्षी त्यांनी वडिलांचे फिडल हाती घेतले, बाराव्या वर्षी पोर्ट हूड येथे प्रथम लोकांसमोर वाजविले आणि पंधरावे लागण्याच्या सुमारास ट्रॉय गावी नाचाचा पहिला कार्यक्रम पार पाडला.

फिडलवर पोट भरण्याचा तो काळ नव्हता. १९४३ साली बडी कॅनडियन नॅशनल रेल्वेत तारायंत्राच्या कामावर रुजू झाले. पुढे स्थानकप्रमुख झाले. १९८८ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षे, त्यांनी ही चाकरी इमानेइतबारे केली. रात्रपाळीत गाड्या थोड्या असत. निर्मनुष्य स्थानकात ते फिडल काढून सराव करीत. दिवसा तारेच्या खटक्यांतून दूरचे निरोप घ्यायचे आणि रात्री चार तारांवर पूर्वजांचे निरोप आळवायचे, असा हा संसार होता. सुट्टीच्या संध्याकाळी धर्मग्रामाच्या सभागृहात किंवा शाळेच्या खोलीत नाच असे. रात्री नऊच्या सुमारास सुरू झालेला नाच मध्यरात्र उलटेपर्यंत चाले आणि फिडलवादकाला हात आखडता घेण्याची सोय नसे.

त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य काय? केप ब्रेटनच्या शैलीत पियानोची साथ असते. वादक खुर्चीवर बसून टाचेने जमिनीवर ताल धरतो. गजाचे आघात जोरकस असतात आणि स्वरांना स्कॉटिश बॅगपाइपसारखी मुरड दिलेली असते. प्रथम संथ चाल, मग डौलदार ‘स्ट्रॅथस्पे’, आणि त्यातूनच न थांबता वेगवान ‘रील’, असा क्रम बांधला जातो. बडी यांच्या हाती वेगाचा हव्यास नव्हता. चाल नाचणाऱ्याच्या पावलाला सोयीची हवी, हे त्यांचे सूत्र होते. ऐंशी वर्षांचा म्हातारा आणि आठ वर्षांची नात एकाच वेळी उठून नाचू शकतील असा त्यांचा ठेका असे. म्हणूनच ग्लेनको मिल्सच्या लहानशा सभागृहातील त्यांच्या उन्हाळी नाचांना दूरदूरहून माणसे येत.

दरम्यान काळ बदलत होता. १९५५ साली कॅन्सोचा बांध-रस्ता झाला आणि बेट मुख्य भूमीला जोडले गेले. तरुण पिढी कामासाठी बोस्टन, डेट्रॉइट, टोरोंटोकडे निघाली. घरात दूरचित्रवाणी आली, शाळेत इंग्रजी होतीच. गेलिक भाषा आजी-आजोबांपुरती उरू लागली. १९७१ साली कॅनडाच्या सीबीसी या प्रसारण संस्थेने एक माहितीपट दाखविला. रॉन मॅकइनिस यांच्या त्या माहितीपटाचा मथितार्थ असा, की केप ब्रेटनचा फिडलवादक आता लोप पावत आहे. बेटावर खळबळ माजली. कोणी रागावले, कोणी खिन्न झाले.

आणि येथे दुसरे एक धर्मगुरू रंगमंचावर येतात. ग्लेनडेलच्या धर्मग्रामाचे प्रमुख फादर जॉन अँगस रँकिन. त्यांनी फ्रँक मॅकइनिस आदी सहकाऱ्यांसह समिती नेमली, गावोगावच्या वादकांना शोधून काढले, ज्यांनी वर्षानुवर्षे वाद्याला हात लावला नव्हता त्यांनाही आर्जवे केली. जुलै १९७३ मध्ये ग्लेनडेल येथे उत्सव भरला आणि शंभराहून अधिक फिडलवादक एका व्यासपीठावर एकत्र वाजविते झाले. ‘लोप पावत’ असलेल्यांची ती हजेरी होती! पुढे काही अभ्यासकांनी दाखवून दिले की परंपरा माहितीपटात म्हटले होते तितकी मरणोन्मुख नव्हतीच. ते खरेही असेल. परंतु त्या भीतीने लोक जागे झाले. केप ब्रेटन फिडलवादकांची संघटना उभी राहिली, मुलांसाठी वर्ग निघाले. स्टॅन चॅपमन यांच्यासारख्या शिक्षकांच्या हाताखाली नवी पिढी तयार झाली. त्यातच बडी यांची पुतणी नॅटली मॅकमास्टर आणि क्रेग्निशचे अ‍ॅशली मॅकआयझॅक होते. दोघेही पुढे जगभर गाजले.

बडी यांची कीर्ती मात्र उतारवयात पसरली. नाचांच्या वेळी श्रोत्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या फिती हातोहात परदेशी पोहोचत होत्या. परंतु ‘जुडिक ऑन द फ्लोअर’ ही त्यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका १९८९ साली निघाली, तेव्हा ते पासष्टीच्या उंबरठ्यावर होते. निवृत्तीनंतर त्यांनी स्काय बेटावरील गेलिक महाविद्यालयात, साभाल मोर ओस्टॅग येथे, स्कॉटिश विद्यार्थ्यांना शिकविले. दोनशे वर्षांपूर्वी जे संगीत जहाजातून पश्चिमेस गेले ते असे आपल्या माहेरी परत आले. केप ब्रेटनने स्कॉटलंडची जुनी शैली जशीच्या तशी जपली की तेथे नवेच काही घडले, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. पियानोची साथ तर निःसंशय नंतरची आहे. जिवंत परंपरा पेटीत घालून ठेवलेल्या वस्त्राप्रमाणे नसते, ती अंगावर वापरलेल्या वस्त्राप्रमाणे असते. तिला ठिगळेही लागतात.

१९९५ साली सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २००० साली ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा राष्ट्रीय सन्मान जाहीर झाला. तरीही गावच्या मदतनिधीच्या कार्यक्रमाला ते पूर्वीसारखेच हजर असत. २० ऑगस्ट २०१४ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांनी जुडिक येथे देह ठेवला. त्याच गावातील केल्टिक संगीत केंद्रात त्यांच्या नावाने फिडलचे वर्ग चालत आले आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या पूजाविधीविषयक संविधानात सांगितले, की लोकांची, विशेषतः मिशन प्रदेशांतील लोकांची, स्वतःची संगीतपरंपरा असते. तिला योग्य तो मान व योग्य ते स्थान दिले पाहिजे. हे वचन आपल्याकडील धर्मग्रामांनाही उद्देशून आहे. माबूच्या फादरांना आपल्या लोकांचे तारण हवे होते. ग्लेनडेलच्या फादरांनाही तेच हवे होते. पहिल्यांनी लोकांच्या हातून फिडल काढून घेतले, दुसऱ्यांनी ते त्यांच्या हाती परत ठेवले. या दोन टोकांच्या मध्ये बडींसारखा एक साधा रेल्वे नोकर दिवसाचे काम आटोपून, रात्री रिकाम्या स्थानकात, कोणी ऐकत नसताना सराव करीत राहिला. समित्या आणि उत्सव आवश्यकच असतात. परंतु त्या रात्रीच्या सरावावाचून ग्लेनडेलच्या व्यासपीठावर वाजवायला कोण आले असते?