मोटरहोममधील वाऱ्याचा व रस्त्याचा आवाज

मोटरहोम धावत असताना वारा, टायर आणि इंजिन यांचा आत येणारा आवाज, तसेच तो कमी करण्याचे उपाय. ट्रकाच्या किंवा व्हॅनच्या चेसिसवर घर चढवलेले असते. तोंड सपाट, काच मोठी, भिंती हलक्या. त्यामुळे साध्या मोटारीपेक्षा येथे आवाज जास्त. चालकाला थकवा लवकर येतो आणि मागच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते.

काचेच्या कडा, आरसे, छतावरचा एसी यांवरून जाताना हवेत भोवरे उठतात. त्यांच्या आवाजाची तीव्रता साधारणपणे वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. म्हणजे ताशी ८० किमी.वरून १००वर गेले, की वाऱ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने चढतो. वेग कमी करणे हा बिनखर्ची उपाय आहे आणि तो उगीचच दुर्लक्षिला जातो.

टायरांचा आवाज १,००० हर्ट्झच्या आसपास जास्त असतो. खालच्या पट्टीतली घरघर सस्पेन्शनमधून सांगाड्यात शिरते. टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा असली तर हादरेही वाढतात. प्रत्येक आसावरचे वजन काट्यावर करून टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हवा भरावी. युरोपात टायरच्या लेबलवर छापलेले डेसिबल बाहेरच्या आवाजाचे असतात. आत किती ऐकू येईल हे त्यावरून ठरत नाही.

खरे काम फटींचे. एखाद्या पृष्ठभागाचा १ टक्का भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही जाड करा, आवाज जेमतेम २० डेसिबलने घटतो. ६० सेंमी. रुंद व १८० सेंमी. उंच दाराभोवती सगळीकडे २ मिमी. फट असली, की तेवढी जागा जवळजवळ भरतेच. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती सहज ओढता आली तर तिथले रबर दबत नाही. दाराचे सांधे, आरशाचे बूड, काचेचे रबर यांवर एकेक करून मास्किंग टेप चिकटवावी आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवावी. आवाज पडला, की जागा सापडली. डॅशबोर्डखाली वायरी व स्टिअरिंगचा दांडा जिथून आत येतो ती भोकेही पाहावीत.

फोर्ड एफ-५३ चेसिसवरच्या अमेरिकी मोटरहोममध्ये इंजिन पुढच्या दोन आसनांच्या मधे, जुन्या एसटीतल्या बॉनेटसारखे, झाकणाखाली असते. त्या झाकणाची चपटी झालेली गास्केट बदलणे हे पहिले काम. येथे उष्णता सोसणारेच साहित्य वापरावे.

जाड चटया व थर यानंतर. ब्यूटाइल रबराच्या चटया गाडीच्या पत्र्याची थरथर शोषतात, आवाज अडवत नाहीत. अडवायला वजन लागते : चौरस मीटरला सुमारे ५ किलोचा जड व्हिनाइल, खाली मऊ फोम. १० चौ. मी.ला ५० किलो झाले. ३,५०० किलोच्या मर्यादेतल्या गाडीला हे परवडेलच असे नाही. वारा शांत झाला, की भांडी, शेगडीची जाळी, पडद्यांच्या पट्ट्या खडखडू लागतात. त्यांत कापड कोंबले तरी भागते.

फटी बुजवताना जमिनीलगतची गॅस बाहेर जाण्याची भोके मात्र कधीही बंद करू नयेत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो त्याच वाटेने बाहेर पडतो.