अण्णांच्या सेटमधला पुठ्ठा

आमच्या माडीवर पोत्याखाली झाकून ठेवलेला एक लोखंडी डबा चाळीस वर्षं पडून होता. घरात त्याला सेट म्हणायचे. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत होतो, त्यांचा तो लाउडस्पीकरचा अँप्लिफायर. गेल्या दिवाळीत कोल्हापूरहून मुलीचा मुलगा आला. तो गिटार वाजवतो. पोतं बाजूला करून त्यानं मोबाईलची बॅटरी मारली आणि ओरडलाच, “आबा, यात ईएल 34 आहेत!”

मला हसू आलं. ते नाव मी पन्नास वर्षांनी ऐकत होतो. आमच्या तोंडी ते ‘यल चौतीस’ असायचं, आणि व्हॉल्व्हला सगळे वॉल म्हणायचे. विहिरीच्या पाइपावरचा वॉल वेगळा, हा काचेचा. आत तांबूस तार पेटलेली, वर काळपट पत्र्याची नळी. नातवाचं म्हणणं असं, की इंग्लंडात मार्शल नावाच्या माणसानं 1962 साली गिटारचे अँप्लिफायर करायला घेतले, त्यांत पुढं हेच वॉल बसले, आणि जगातले मोठे गिटारवाले अजून यांच्याच मागं असतात. 1962 म्हटल्यावर मला दुसरंच आठवलं. कोयनेची वीज त्याच साली सुरू झाली. त्या विजेच्या मागोमाग तर आमच्याकडं सेट आला.

तो आला कसा, ते आधी सांगतो. माणदेशाच्या आमच्या पट्ट्यात खांब यायला कोयनेनंतर काही वर्षं गेली. त्याआधी लग्नात भोंगा वाजायचा तो मोटारीच्या बॅटरीवर. बॅटरी बैलगाडीत घालून तालुक्याला चार्जिंगला न्यायची, आणि वऱ्हाड जेवायला बसेपर्यंत ती उतरलेली. वॉलला एकीकडं तार पेटवायला सहा व्होल्टच लागतात, पण वरच्या पत्र्याला चारशेच्या आसपास. बॅटरीवरून एवढे चढवायचे म्हणजे आत एक थरथरता व्हायब्रेटर बसवावा लागायचा, आणि बिघडायचा तोच आधी. विजेचा सेट आला आणि हे दुखणं गेलं. अण्णांनी 1968 साली एक बैल विकून जुना सेट, दोन कर्णे, एक माईक आणि 78 फेऱ्यांच्या तबकड्या वाजवायची पेटी घेतली. घरात महिनाभर अबोला होता म्हणे.

पुढची दहा वर्षं पंचक्रोशीत लग्न, बारसं, सप्ताह, निवडणुकीची सभा, जत्रेतला तमाशा, काहीही असलं की अण्णांचा सेट. मी सातवी-आठवीपासून त्यांच्या हाताखाली. कर्णा झाडावर चढवून बांधायचा, वायर ओढायची, तबकडी पुसायची. सेट चालू केला की लगेच आवाज येत नसे. वॉल तापायला अर्धा मिनिट लागायचा. तेवढ्यात पोरं भोवती जमून जाळीतून आत बघायची. मी त्यांना हाकलायचो. तो मान माझा होता.

तर नातवाला तो सेट चालू करून हवा होता. त्यानं वायर हातात घेतली तशी मी त्याचा हात धरला. चाळीस वर्षं पडलेला सेट थेट बोर्डात घातला तर धूर निघतो, एवढं मला पक्कं माहीत. तालुक्याला आमच्या वेळचे एक रेडिओ मिस्त्री अजून आहेत, वय पंचाहत्तरच्या पुढं. जीपमध्ये घालून सेट त्यांच्याकडं नेला. त्यांनी झाकण काढायच्या आधीच विचारलं, “अण्णांचा ना हा?”

मिस्त्रींनी पहिल्यांदा सगळे वॉल काढून कापडावर मांडले. मग पोराला शिकवलं की सेट बंद असला तरी कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो, तो मोठ्या रेझिस्टन्सवरून उतरवायचा, मीटर लावून खात्री करायची, आणि चालू सेटमध्ये हात घालायचा तर एकच, दुसरा खिशात. त्यानंतर शंभरच्या बल्बच्या सिरीजमध्ये नुसता ट्रान्सफॉर्मर लावला. बल्ब लख्ख पेटला असता तर आत शॉर्ट. तो जरासा लुकलुकला आणि मंद झाला. मिस्त्री म्हणाले, “तांबं जिवंत आहे. बाकीचं सगळं बाजारात मिळतं.”

बाकीचं म्हणजे काय, तर पहिले मोठे फिल्टर कंडेन्सर. त्यांच्या आतलं ओलं द्रव्य वाळून जातं आणि कर्ण्यातून घुंऽऽ असा आवाज येत राहतो. दुसरे मधले, मेणकागदाचे. हे जास्त घातकी. मागच्या वॉलच्या पत्र्यावर दोनशे-अडीचशे व्होल्ट असतात. ते अडवून नुसता आवाज पुढं सोडायचा, हे या कंडेन्सरचं काम. पुढच्या यल चौतीसच्या जाळीवर उणे व्होल्टेज असतं, त्यानंच तो आवरलेला असतो. कंडेन्सर पाझरला की तो लगाम सुटतो, वॉल भरमसाट करंट ओढतो आणि पत्रा लालभडक होतो. त्यात वॉल तर जातोच, वेळ साधली नाही तर ट्रान्सफॉर्मरही. अण्णा म्हणायचे, “वॉल लाल झाला की आधी बटण, मग देव.” आम्हा पोरांना मात्र वॉल गेला की तो जुना झाला म्हणून गेला असंच वाटायचं. खरा चोर आठ आण्याचा कंडेन्सर असायचा, हे मला आता, साठी उलटल्यावर कळलं.

पोराला सुधारणा करायची फार घाई. फिल्टरला 47 मायक्रोफॅरडऐवजी 220 चा घालूया म्हणाला, म्हणजे घुंघुं समूळ जाईल. मिस्त्रींनी मान हलवली. या सेटमध्ये एसीचं डीसी करणाराही वॉलच आहे, जीझेड 34. त्याच्यापुढं साठाच्या वरचा कंडेन्सर बांधला तर सुरू होतानाच तो इतका करंट खेचेल, की वॉल ठिणग्या टाकून मरेल. दुबळ्या बैलाला चौपट गाडी जोडल्यासारखं. 47 चाच बसला.

एक सुधारणा मात्र मिस्त्रींनी न विचारता केली. जुन्या सेटला दोन पिनांची वायर होती, अर्थिंग नाही. वर मेनच्या एका वायरीपासून पत्र्याच्या डब्यापर्यंत एक कंडेन्सर. पिन उलटी बसली की माईक धरणाऱ्याला झिणझिण्या यायच्या. एक कीर्तनकार बुवा माईकला उपरण्याचा पदर गुंडाळल्याशिवाय हात लावत नसत, आणि आम्ही त्यांना भित्रे म्हणायचो. मिस्त्रींनी तो कंडेन्सर कापून टाकला, तीन पिनांची वायर घातली, अर्थची तार डब्याला स्क्रूनं आवळली. फ्यूजही नीट हिशेबाचा घातला.

हे करायला खालचा पत्रा उघडला तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला पुठ्ठा दिसला. कॉपिंग पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंदी. अक्षर अण्णांचं. तारीख, गाव, कार्य, आणि काय सामान बदललं. चौथी शिकलेला माणूस, पण एवढी नेमकी वही मी सोसायटीतसुद्धा पाहिली नाही. ‘फ्यूज 1’ हीसुद्धा नोंद आहे. डब्याच्या कोपऱ्यात खोक्यात मेलेले वॉलही जपून ठेवलेले, प्रत्येकाच्या बुडाला कागदाची चिठ्ठी आणि तारीख. काहींवर बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा छाप होता, 1954 साली निघालेल्या सरकारी कारखान्याचा.

पुठ्ठा वाचताना मला मजा येत होती. कुठल्या लग्नात पाऊस आला, कुठं उंदरानं वायर खाल्ली. मग 1974 साल आलं आणि मी थांबलो.

त्या वर्षीचा एप्रिल मला चांगला आठवतो. मी चौदा वर्षांचा. जयंतीच्या चार दिवस आधी आमच्या बौद्धवाड्यातले दोघं जण सेट ठरवायला आले होते. बरोबर माझ्याच वर्गातला एक मुलगा होता, त्यांच्यातल्या एकाचा. ते अंगणाबाहेर उभे. अण्णा सोप्यात पान लावत बसलेले. ते उठले नाहीत. मला म्हणाले, “जा, सांग त्यांना, वॉल गेलेत. सेट नादुरुस्त आहे.” मी जाऊन तसं सांगितलं. वर्गातल्या मुलाला तर मी समजावूनही सांगितलं, की यल चौतीस महाग असतो, पुण्याहून आणावा लागतो, आठ दिवस तरी जातील. मला ते खरं वाटत होतं. आपल्याला एवढं ठाऊक आहे याचा तोराही होता.

पुठ्ठ्यावर 12 फेब्रुवारी 1974 ला नोंद आहे: लग्न, नवे यल 34 दोन. त्यानंतरची वॉलची नोंद एकदम 3 डिसेंबरची. मध्ये दोन फ्यूज आणि एक माईकची वायर. एप्रिलमध्ये काही नाही. लिहायचं राहिलं असेल म्हणून मी खोक्यातल्या मेलेल्या वॉलच्या चिठ्ठ्या पाहिल्या. फेब्रुवारीच्या दोन, डिसेंबरच्या दोन. एप्रिलची एकही नाही.

मिस्त्री डाग देत होते, मान खाली. मी त्यांना विचारलं, त्या साली अण्णा वॉल घ्यायला आले होते का. ते म्हणाले, “पन्नास वर्षांपूर्वीचं मला काय आठवतंय?” आणि मग थोड्या वेळानं, “गावानं सांगितलं असंल त्यांना. एकट्याचं काय चालत होतं तेव्हा.” असंल. पण एकट्यानं बैल विकताना अण्णांनी कुणाला विचारलं नव्हतं.

काम पुरं व्हायला दोन आठवडे लागले. यल चौतीसची नवी जोडी पोरानं मागवली, ती स्लोव्हाकियात बनलेली. दोन्ही वॉलच्या पायाशी मिस्त्रींनी एक-एक ओहमचा रेझिस्टन्स घातला, म्हणजे मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपियर करंट. दोघांना पस्तीस-पस्तीसवर जुळवलं. गिटारसाठी डब्याला नवं भोक पाडायचं नाही, ही माझी अट. मग माईकची एक जुनी सॉकेट काढून त्याच भोकात पाव इंची जॅक बसवला आणि त्याच्या पुढं दहा लाख ओहमचा रेझिस्टन्स, कारण गिटारचा सिग्नल नाजूक, कमी ओहमवर तो दबून जातो. कर्ण्यावर गिटार नुसती किंचाळते, म्हणून लाकडी खोक्यात बारा इंची स्पीकर. स्पीकर जोडल्याशिवाय सेट चालू करायचा नाही, हे मिस्त्रींनी पोराकडून तीन वेळा वदवून घेतलं. लोड नसला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतल्या आत फुटतो, आणि तसा आता कुणी गुंडाळून देत नाही.

सेट घरी आणल्यावर मी त्या वर्गमित्राकडं गेलो. तो एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालाय. पारावर रोज भेटतो, पण त्याच्या घरी मी किती वर्षांनी गेलो ते सांगायला लाज वाटते. त्याला पुठ्ठ्याचं सांगितलं. तारखांसह सांगितलं. त्यानं चहा पुढं केला.

“अरे, आम्हाला तेव्हाच माहीत होतं,” तो म्हणाला. “चौदा तारखेला रात्री पलीकडच्या गावची जत्रा होती. वारा तिकडून होता. तुमचा सेट आम्हाला वाड्यात बसून ऐकू येत होता.”

मला त्या जत्रेला अण्णांनी नेलं नव्हतं. परीक्षा आहे, घरी बस, म्हणाले होते.

“त्या वर्षी हलगीवर मिरवणूक काढली,” तो पुढं म्हणाला. “रविवार होता, मुंबईची माणसं आलेली. मिलमधल्यांनी तिथंच वर्गणी धरली आणि पुढच्या वर्षी आमचा स्वतःचा सेट आला. ट्रान्झिस्टरचा. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा, वीज नसली तरी. तुमच्यासारखी तापायची वाट बघायला नको. बटण दाबलं की आवाज.”

ते मला आठवत होतं. 1975 नंतर लोक त्यांचाच सेट लग्नालाही नेऊ लागले होते. वजनाला हलका, भाडं कमी. अण्णांचा धंदा ट्रान्झिस्टरनं मोडला असं आमच्या घरात सांगतात, आणि ट्रान्झिस्टर कुणाचा होता ते सांगत नाहीत.

मी म्हणालो, “निरोप मी सांगितला होता.”

“तू लहान होतास,” तो म्हणाला. मग हसून, “पण आठ दिवस लागतील हे तू तुझ्या मनाचं घातलंस.”

रविवारी तो सेट बघायला आला. नातवानं गिटार लावली. अर्धा मिनिट कुणी बोललं नाही, वॉल तापत होते. तो जाळीतून आत बघत होता. मग आवाज आला, घुंघुं अजिबात नाही.

तो गेल्यावर मी खालचा पत्रा पुन्हा उघडला, करंट उतरवून, एक हात खिशात ठेवून. पुठ्ठ्यावर खाली जागा उरली होती. तिथं लिहिलं: फिल्टर 47 चे दोन, मधले कंडेन्सर सगळे, यल 34 दोन, वायर तीन पिनी. मग वर फेब्रुवारीच्या ओळीखाली बारीक अक्षरात: 14-4-74, सेट चालू होता.