मोहीम-नियोजन प्रणाली (हेलिकॉप्टर)

हेलिकॉप्टरच्या एखाद्या कामगिरीचा मार्ग, वेळ, इंधन, भार, हवामान, भूरचना आणि वाटेतील धोके यांचा उड्डाणापूर्वीच एकत्र हिशेब मांडणारी, आणि त्या हिशेबाचे फलित वैमानिकांच्या हाती, यानातील उपकरणांत व तळावरील नियंत्रण-कक्षात एकाच स्वरूपात पोहोचविणारी संगणकीय आज्ञावली. प्रवासी विमान एका धावपट्टीवरून उठते, जाहीर झालेल्या हवाई मार्गाने बऱ्याच उंचीवरून जाते आणि दुसऱ्या धावपट्टीवर उतरते. त्याच्या वाटेचा पुष्कळसा विचार इतरांनी आधीच करून ठेवलेला असतो. हेलिकॉप्टरला मात्र जेथे धावपट्टी नाही, पुष्कळदा जेथे दिवाही नाही, अशा ठिकाणी डोंगरांच्या कुशीतून, विजेच्या तारांच्या आसपासून किंवा समुद्राच्या पृष्ठभागालगत जावे लागते, आणि प्रत्येक कामगिरीची वाट नव्याने आखावी लागते. त्यामुळे नियोजनातील चुकीचे प्रायश्चित्त हेलिकॉप्टरच्या चमूला फार लवकर, आणि बहुधा सुधारणेस अवसर न मिळता, भोगावे लागते.

संगणक येण्यापूर्वी हे काम कागदी नकाशा, त्यावर पसरलेले पारदर्शक आवरण, मेणाची पेन्सिल, कर्कटक आणि ‘ई-६बी’ नावाची वर्तुळाकार गणनपट्टी एवढ्या सामग्रीवर चाले. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशातील जंगलात, शत्रूच्या प्रदेशात अडकलेल्या एका वैमानिकाला आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिकांना लेफ्टनंट कार्टर हार्मन यांनी सिकोर्स्की कंपनीच्या ‘वायआर-४बी’ यानातून बाहेर काढले, तेव्हा त्या उष्ण हवेत यंत्राला एका खेपेस एकच माणूस उचलता येत होता. युद्धक्षेत्रातील हेलिकॉप्टर-सुटकेच्या त्या पहिल्या प्रसंगीच पुढील सर्व नियोजनाचा मूळ प्रश्न उपस्थित झाला होता : या हवेत, या उंचीवर, हे यंत्र किती भार पेलील?

नियोजन केवळ गणिताचे नसून माहिती योग्य माणसापर्यंत पोहोचविण्याचेही आहे, हा धडा अमेरिकेला २४ एप्रिल १९८० रोजी फार महागात मिळाला. तेहरानमधील ओलिसांच्या सुटकेसाठी ‘निमिट्झ’ या विमानवाहू नौकेवरून ‘आरएच-५३डी’ जातीची आठ हेलिकॉप्टरे निघाली. इराणच्या वाळवंटात ती अनपेक्षितपणे धुळीच्या विस्तीर्ण लोटांत सापडली. पात्यातील दोषाचा इशारा मिळाल्याने एक वाटेतच सोडून द्यावे लागले, एक माघारी फिरले, आणि मुक्कामावर पोहोचलेल्यांपैकी एक निकामी निघाले. पुढील कामास किमान सहा हवी होती आणि उरली पाच, म्हणून मोहीम रद्द झाली; परतीच्या तयारीत एक हेलिकॉप्टर उभ्या असलेल्या मालवाहू विमानावर आदळून आठ सैनिक मरण पावले. ॲडमिरल जेम्स हॉलोवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नंतर जी मीमांसा केली तिच्यात, गुप्ततेच्या अतिरेकामुळे हवामानतज्ज्ञ आणि वैमानिक यांच्यातील नेहमीचा प्रत्यक्ष संवाद तुटला होता, ही गोष्ट स्पष्टपणे नमूद आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात साधे वैयक्तिक संगणक पुरेसे समर्थ झाल्यावर हे काम पडद्यावर आले. जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेच्या संशोधन विभागात घडलेली ‘फाल्कनव्ह्यू’ ही नकाशा-प्रणाली त्यातील विशेष प्रसिद्ध होय. पुढे अमेरिकी भूसेनेच्या अपाची, ब्लॅक हॉक व चिनूक या हेलिकॉप्टरांसाठी ‘एम्प्स’, तर नौदल व वायुदल यांच्यासाठी ‘जेएमपीएस’ या प्रणाली वापरात आल्या. नागरी क्षेत्रात आता हेच काम टॅब्लेटवरील आज्ञावल्याही करतात.

या प्रणालींच्या पोटात चालणाऱ्या गणनांपैकी शक्तीची गणना सर्वांत निकडीची आहे. हवा जितकी विरळ तितकी पात्यांना पकड कमी आणि इंजिनाचा जोरही कमी. आणि हवा केवळ उंचीने नव्हे तर उष्णतेनेही विरळ होते. केदारनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटरवर आहे, आणि प्रमाणित वातावरणात त्या उंचीवर शून्याखाली सुमारे ८ अंश तापमान गृहीत धरतात. यात्रेच्या ऐन हंगामात दुपारी तेथे १५ अंश सेल्सियस तापमान असेल, तर यंत्राच्या दृष्टीने ती जागा सुमारे ४,४०० मीटर उंचीवर जाते. सकाळच्या पहिल्या खेपेस जो भार निर्वेध उचलला गेला तोच दुपारी उचलता येईल अशी खात्री म्हणूनच देता येत नाही. जमिनीलगत तरंगताना पात्यांखालची हवा अडून काही आधार मिळतो. कड्याच्या टोकाशी किंवा दोराने माणूस वर ओढून घेताना तोही आधार नाहीसा होतो. या दोन्ही अवस्थांसाठी लागणारी आणि उपलब्ध असणारी शक्ती प्रणाली निरनिराळी काढून दाखविते, आणि शिल्लक अपुरी असेल तर कोणता भार मागे ठेवावा याचा निर्णय तळावरच, घाई नसताना, घेता येतो.

इंधनाचा हिशेब वरकरणी सोपा वाटतो, पण समुद्रावर तो विलक्षण नाजूक होतो. पवन हंस ही सरकारी कंपनी १९८५ मध्ये स्थापन झाली ती मुख्यतः तेलक्षेत्रांच्या सेवेसाठी, आणि मुंबईच्या जुहू विमानतळावरून सुमारे १६० किलोमीटर दूर असलेल्या मुंबई हाय क्षेत्राकडे तिची हेलिकॉप्टरे कर्मचाऱ्यांची ने-आण करीत आली आहेत. उदाहरणादाखल, यानाचा हवेतील वेग ताशी २४० किलोमीटर धरू. वारा नसेल तर निम्म्या वाटेवर, म्हणजे ८० किलोमीटरवर, पुढे जाणे आणि मागे फिरणे यांस सारखाच वेळ लागतो. पावसाळ्यात जाताना समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला, तर जाण्याचा वेग २०० व परतण्याचा २८० होतो, आणि हा समसमय बिंदू सुमारे ९३ किलोमीटरवर सरकतो. वारा ताशी ६० झाला की तो १०० किलोमीटरवर जातो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ८५ किलोमीटरवर असताना इंजिनात बिघाड झाला तर ‘अर्धी वाट ओलांडली, आता पुढेच जाऊ’ ही मनाची स्वाभाविक ओढ त्या दिवशी चुकीची ठरेल. गजर वाजत असताना हे गणित वैमानिकाने मनात करावे अशी अपेक्षा करणे अन्याय्य आहे. प्रणाली तो बिंदू आधीच नकाशावर खुणेने दाखविते, ताजा वारा कळताच त्याची जागा बदलते, आणि पर्यायी उतरण्याचे स्थान व राखीव इंधन यांची तरतूद झाल्याशिवाय आराखडा पूर्ण झाल्याचे दर्शवीत नाही.

भूरचनेच्या ज्ञानात फेब्रुवारी २००० मध्ये मोठी भर पडली. ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानाने ११ दिवसांच्या सफरीत ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या अक्षांशांमधील बहुतेक भूभागाची उंची रडारने मोजली, आणि पृथ्वीच्या फार मोठ्या भागाचे उच्चावच एकाच पद्धतीने उपलब्ध झाले. त्यावरून आज्ञावली मार्गाचा उभा छेद काढते, कोणत्या टेकडीआड यान झाकले जाईल आणि कोठून ते शत्रूच्या रडारला दिसेल हे रंगवून दाखविते, संदेशवहन कोठे तुटेल तेही सांगते. रात्रीच्या उड्डाणासाठी चंद्रोदय, चंद्राची दिशा आणि त्याची क्षितिजापासूनची उंची यांची गणना होते, कारण रात्रदर्शी चष्मे अल्प प्रकाशावर चालतात आणि दरीच्या सावलीत त्यांचा उपयोग घटतो. मात्र ३० किंवा ९० मीटरांच्या चौकटींत मोजलेल्या भूपृष्ठात दोन डोंगरांमध्ये ताणलेली विजेची तार कधीच उमटत नाही. मनोरे, तारा, रज्जुमार्ग यांची नोंद वेगळ्या दप्तरातून घ्यावी लागते, आणि ते दप्तर ज्या देशात जेवढे अद्ययावत असेल तेवढाच पडद्यावरील चित्राचा भरवसा.

आराखडा पक्का झाला की तो स्मृतिमंजूषेत भरून यानातील संगणकात घातला जातो, आणि त्याचाच संक्षेप वैमानिकाच्या मांडीवर बांधायच्या पत्रकावर छापला जातो. नियंत्रण-कक्षातही तीच प्रत असल्याने यान अपेक्षित वेळी अपेक्षित बिंदूवर आले नाही तर शोध कोठून सुरू करावयाचा हे तत्काळ कळते. परतल्यावर प्रत्यक्ष वाट आणि आखलेली वाट शेजारी ठेवून जी मसलत होते, तिच्यातून नव्या वैमानिकांचे फार मोठे शिक्षण होते. भारतीय भूसेनेच्या हेलिकॉप्टर-वैमानिकांना नाशिक येथील प्रशिक्षण केंद्रात जे लढाऊ उड्डाणाचे शिक्षण मिळते त्यातही नियोजनाचा भाग मोठा असतो.

या साधनांची मर्यादा ज्या घटनेने सर्वांत दुःखद रीतीने उघड केली ती आयर्लंडची. १४ मार्च २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आयरिश तटरक्षक दलाचे ‘रेस्क्यू ११६’ हे एस-९२ हेलिकॉप्टर, खोल समुद्रातून एका मच्छीमाराला आणणाऱ्या दुसऱ्या हेलिकॉप्टरच्या साहाय्यासाठी निघाले असता, इंधन घेण्याकरिता मेयो परगण्यातील ब्लॅकसॉड येथे उतरण्यास वळले. संगणकात भरलेल्या ठरीव मार्गाचा आरंभबिंदू ‘ब्लॅक रॉक’ या बेटाशी जवळजवळ एकरूप होता. ते बेट ८६ मीटर उंच, त्यावर दीपगृह. आणि यान समुद्रापासून सुमारे ६० मीटरवरून जात होते. भूपृष्ठाचा इशारा देणाऱ्या उपकरणाच्या संग्रहात हे बेट नव्हते. चमूजवळच्या संगणकावरील मोठ्या प्रमाणाच्या नकाशातही त्या जागी मोकळा समुद्र दिसत होता. दीपगृहाचा उल्लेख होता तो मार्गपुस्तिकेच्या मजकुरात. मागील भागातील सहकाऱ्याने अवरक्त कॅमेऱ्यात बेट पाहून वळण्यास सांगितले, परंतु तोवर फार उशीर झाला होता. चौघेही मृत्यू पावले. अपघात-अन्वेषण विभागाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंतिम अहवालात ४२ शिफारशी केल्या. जी वाट यंत्रात एकदा भरली गेली ती तपासलेलीच असणार, असा समज माणसाच्या मनात फार सहज रुजतो, आणि माझ्या मते या प्रणालींचा सर्वांत गंभीर धोका तोच आहे.

हवामानाबाबतही सावधगिरी हवीच. ८ डिसेंबर २०२१ रोजी सुलूरहून वेलिंग्टनकडे जाताना कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जणांना घेऊन निघालेले एमआय-१७ व्ही५ कोसळले. दरीतील हवामान अकस्मात बदलून यान ढगांत शिरले आणि वैमानिकाचा दिशाबोध हरपला, असा निष्कर्ष चौकशीअंती जाहीर झाला. अशा क्षणी कामास येणारी गोष्ट म्हणजे आधीच ठरविलेली परतीची मर्यादा : अमुक दृश्यमानता, अमुक उंची, त्याखाली माघार. ती आराखड्यात लिहून ठेवता येते. तिचे पालन चमूनेच करावयाचे असते.

भारतात हिमालयातील यात्रामार्ग, सागरी तेलक्षेत्रे आणि आपत्तीतील मदतकार्य यांसाठी हेलिकॉप्टरांचा वापर वाढत असता, अशी प्रणाली घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने तिच्या इतर गुणांची पारख करण्याआधी दोन गोष्टींची खातरजमा करावी : पडद्यावरील नकाशा कोणत्या तारखेचा व कोणी पडताळलेला आहे हे वैमानिकाला तेथेच दिसते काय, आणि जेथे माहितीच नाही तेथे तो नकाशा मोकळी जागा दाखवितो की माहिती नसल्याचे स्पष्टपणे सांगतो.